विशेष गरजा असलेल्या मुलांना बायबलचे पाठ शिकवताना: पहिल्या भेटीपासून कुटुंबाच्या सोबतीपर्यंत

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाची हकिगत आहे. लोक त्याला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहून उसासा टाकतो आणि मग एकच शब्द उच्चारतो. ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाला, आपल्यासाठी काय केले जात आहे हे स्पर्शातून आणि नजरेतून आधी कळते. शब्द सर्वांत शेवटी येतो. संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधील मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या, नव्या शिक्षकांची तयारी घेताना मी नेहमी हा उतारा आधी वाचून घेतो, कारण गोंगाट कमी करणे, एका मुलाकडे एका माणसाने पूर्ण लक्ष देणे, मुलाला समजेल त्या वाटेने सांगणे आणि थोडक्यात बोलणे ही या कामाची सगळी सूत्रे त्यात आहेत. पाठाने मुलाकडे वळायचे असते. मुलाने पाठाच्या साच्यात बसावे ही अपेक्षा येथे ठेवता येत नाही.

पाठाच्या आधी घर

मूल वर्गात येण्यापूर्वी निदान एकदा त्याच्या आईवडिलांशी निवांत भेट घ्यावी. ही भेट आराधनेनंतरच्या धावपळीत उभ्याउभ्या उरकू नये. ‘मुलाला काय झाले आहे’ या प्रश्नाने सुरुवात केली तर त्यांना डॉक्टरांपुढे शंभर वेळा सांगितलेली कहाणी पुन्हा सांगावी लागते. त्याऐवजी मुलाला काय आवडते, तो कशाने हसतो, ‘हो’ आणि ‘नाही’ कसे सांगतो, त्रास होऊ लागला तर कोणती खूण आधी दिसते आणि शांत होण्यासाठी घरी काय करतात, हे विचारावे. त्यानंतर व्यवहाराच्या गोष्टी येतात. फिट येतात का, शेवटची कधी आली, गिळण्याचा त्रास किंवा अ‍ॅलर्जी आहे का, शौचास जाताना मदत लागते का, दार उघडे दिसले की मूल बाहेर धावते का, हे सर्व एका पानावर लिहून घ्यावे. ते पान पालकांना वाचून दाखवावे आणि त्यांच्या संमतीने फक्त त्या मुलासोबत काम करणाऱ्यांनाच द्यावे.

निदानाचे नाव उपयोगी असते, पण मर्यादित अर्थाने. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे १९५९ साली स्पष्ट झाले. शिक्षकाला उपयोगाची बाब एवढीच की यांतील बहुतेक मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक चांगले लक्षात राहते, कमी ऐकू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच असते, आणि काहींच्या मानेचे सांधे सैल असल्याने कोलांटउडीसारखे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्वमग्न मुलाला अनपेक्षित बदल, मोठा आवाज किंवा लखलखीत उजेड असह्य होऊ शकतो. दुसरे स्वमग्न मूल मात्र आवाजच शोधत फिरते. सेरेब्रल पाल्सीमध्ये शरीराच्या हालचालींवरचे नियंत्रण बिघडलेले असते, त्यामुळे बोलणे अस्पष्ट असले तरी समज वयानुरूप असू शकते. जे मूल बोलत नाही त्याला समजत नाही, असे गृहीत धरणे ही या कामातील सर्वांत घातक चूक आहे. अशा मुलासमोर त्याच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलणे लगेच थांबवावे.

खोली आणि ठरलेला क्रम

खोली शक्यतो लहान, कमी प्रतिध्वनीची आणि एकाच दाराची असावी. भिंतींवरची चित्रे काढून त्या दिवशीच्या पाठाचे एकच चित्र ठेवावे. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून घ्यावी. एका कोपऱ्यात चटई, उशी आणि आवाज कमी करणारे हेडफोन ठेवून शांत जागा करावी. तेथे मूल स्वतःहून जाऊ शकते, ही शिक्षेची जागा नाही, हे मदतनीसांना स्पष्ट सांगावे. चाकाच्या खुर्चीवरील मूल इतरांच्या मागे न राहता त्यांच्याच अर्धवर्तुळात बसेल आणि त्याची नजर शिक्षकाच्या नजरेच्या पातळीवर येईल, अशी मांडणी करावी.

दर आठवड्याला क्रम तोच असावा: नमस्कार, गाणे, गोष्ट, हाताने करायचे काम, प्रार्थना, निरोप. या सहा गोष्टींची सहा चित्रकार्डे उभ्या पट्टीवर लावावीत आणि एकेक गोष्ट संपली की ते कार्ड मुलाच्याच हाताने काढून डब्यात टाकावे. ‘आता काय’ आणि ‘अजून किती’ हे दोन प्रश्न मुलाच्या मनात सतत चालू असतात. ही पट्टी दोन्हींची उत्तरे न बोलता देते. ज्याला सहा कार्डे जास्त होतात त्याच्यासाठी ‘आधी गोष्ट, मग चेंडू’ अशी दोनच कार्डे पुरतात. पहिल्यांदा येणाऱ्या मुलासाठी खोलीचे, शिक्षकांचे आणि बसण्याच्या जागेचे फोटो लावून चार-पाच वाक्यांची छोटी पुस्तिका आठवडाभर आधी घरी पाठवावी. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मांडलेल्या ‘सामाजिक गोष्टी’च्या पद्धतीशी तिचे नाते आहे, आणि ती करण्यास एक संध्याकाळ पुरते.

एका पाठात एकच वाक्य

तयारीला बसल्यावर आधी उतारा स्वतःसाठी पूर्ण वाचावा आणि मग मुलाने घरी न्यावे असे एकच वाक्य कागदावर लिहावे. ते पाच-सहा शब्दांहून मोठे नसावे आणि त्याचे चित्र काढता यावे. ‘येशू माझ्याजवळ आहे’ हे असे वाक्य आहे. ‘देव आपल्या सार्वभौम इच्छेने सर्व काही चालवतो’ हे नाही. त्या वाक्याला मदत न करणारा तपशील, तो कितीही रंजक असला तरी, गोष्टीतून गाळावा. हे गाळणे शिक्षकाला जड जाते, कारण आपल्याला ठाऊक असलेले सर्व सांगावेसे वाटते. एक पाठ किमान तीन आठवडे चालवावा. पुनरावृत्तीचा कंटाळा मोठ्यांना येतो. या मुलांपैकी अनेकांना तिसऱ्या आठवड्यातच पुढे काय येणार हे आधी ओळखण्याचा आनंद प्रथम मिळतो.

मार्क ४:३५-४१ मधील वादळाची गोष्ट उदाहरणादाखल घेऊ. वाक्य ठरले: ‘येशू माझ्याजवळ आहे.’ लागणारे साहित्य म्हणजे मोठी निळी चादर, एक उशी, हाताने हलवायचा पुठ्ठ्याचा पंखा, पाण्याची फवारणीची बाटली आणि मुले मावतील असा जमिनीवर आखलेला नावेचा आकार. सुरुवातीला सर्वांना नावेत बसवावे आणि चादर हळू हलवत ‘नाव पाण्यात आहे’ एवढेच म्हणावे. उशी दाखवून ‘येशू झोपला आहे’ म्हणावे. येशू नावेच्या मागच्या बाजूस उशी घेऊन झोपला होता, असे मार्क मुद्दाम नोंदवतो आणि ती उशी प्रत्येक मुलाने हाताळावी. मग पंख्याने वारा घालावा, चादर जोरात हलवावी, आणि ज्यांना चालते त्यांच्या तळहातावर पाण्याचा एक फवारा मारावा. चेहऱ्यावर मारू नये. शिष्य घाबरून ‘येशू, ऊठ’ म्हणाले, हे वाक्य मुलांनी म्हणावे, खुणेने दाखवावे किंवा बोलणारे बटन (दाबले की आधी ध्वनिमुद्रित केलेले वाक्य ऐकवणारे साधन) दाबून ऐकवावे. शेवटी शिक्षकाने हात पसरून ‘शांत हो’ म्हणावे आणि त्याच क्षणी सर्व काही थांबावे. चादर जमिनीवर टेकते, वारा थांबतो, आणि किमान दहा सेकंद कोणीही बोलत नाही. गोष्टीचा गाभा त्या शांततेतच आहे, म्हणून ती घाईने भरून काढू नये.

पूर्वी मी याच पाठात ढगांच्या गडगडाटाचे ध्वनिमुद्रण लावले होते आणि खोलीतले दिवेही लुकलुकवले होते. एक मूल कान घट्ट दाबून टेबलाखाली गेले आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्या खोलीच्या दाराशीच अडत राहिले. दोष पूर्णपणे माझा होता, कारण त्याच्या आईने आवाजाविषयी आधी सांगितले होते आणि मी ते पान पाठाच्या दिवशी उघडून पाहिले नव्हते. अपस्मार असलेल्या काही मुलांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते, हे त्याहून गंभीर. तेव्हापासून वादळ कितपत मोठे करायचे हे मी मुलांवर सोपवतो: पंखा त्यांच्या हातात असतो, आणि ‘बस’ या खुणेवर सगळे थांबते.

शब्द निवडताना

पवित्र शास्त्राची भाषा रूपकांनी भरलेली आहे, आणि शब्दाचा सरळ अर्थ घेणारे मूल त्या रूपकांत अडकते. ‘येशूला हृदयात घे’ हे ऐकून छातीत माणूस कसा शिरणार या भीतीने झोप उडालेली मुले असतात. ‘रक्ताने धुतले’, ‘जुना मनुष्य मेला’, ‘तुम्ही जगाचे मीठ आहात’ ही वाक्ये आधी सरळ भाषेत उलगडावीत किंवा पुढे ढकलावीत. ‘येशू माझा मित्र आहे, तो मला कधी सोडत नाही’ असे म्हटल्याने सत्य उणे होत नाही. ‘पाप’ सांगताना ‘आपण कोणाला दुखावतो, तेव्हा देवाला वाईट वाटते’ अशा घडलेल्या प्रसंगापासून सुरुवात करावी. मात्र मुलाच्या अपंगत्वातून येणारे वागणे, म्हणजे ओरडणे, हात हलवत राहणे किंवा जागेवर न बसणे, कधीही पापाचे उदाहरण म्हणून वापरू नये.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. बोललेले समजून उत्तर जुळवण्यास अनेक मुलांना वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न बदलून विचारला तर त्यांना सुरुवातीपासून जुळवावे लागते. तोंडी उत्तर न देणाऱ्यासमोर दोन चित्रे ठेवून ‘नावेत कोण झोपले?’ विचारावे, बोट, नजर किंवा मान यांपैकी कोणतेही उत्तर पूर्ण उत्तर आहे.

बधिर मुलांसाठी शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड हवा, एका वेळी एकानेच बोलावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना छापील मजकूर ही दुसरी भाषा असते. अमेरिकन सांकेतिक भाषेतील संपूर्ण बायबल २०२० साली पूर्ण झाले ते याच गरजेपोटी. अंध मुलासाठी चित्र वर्णन करून थांबू नये. मेंढरू म्हटले की लोकर, जाळे म्हटले की दोरीची वीण हातात द्यावी. लुई ब्रेलने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, आपली लिपी आकाराला आणली. त्या लिपीतील बायबल अनेक जाड खंडांचे होते, म्हणून वर्गात फक्त त्या दिवसाचा उतारा ब्रेलमध्ये तयार ठेवणे सोयीचे.

बरे होण्याच्या गोष्टी सांगण्याआधी

शुभवर्तमानांत आंधळे पाहतात, लंगडे चालतात. व्हीलचेअरवर बसलेले मूल ही गोष्ट ऐकते तेव्हा ‘मग मला का नाही’ हा प्रश्न त्याच्या मनात येणारच, आणि तो आला तर त्याला गप्प करू नये. ‘विश्वास कमी पडला’ हे उत्तर मी कोणत्याही परिस्थितीत चालवून घेत नाही. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात की हा मनुष्य आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, त्याच्या की त्याच्या आईवडिलांच्या. येशू दोन्ही नाकारतो. हा नकार मुलाआधी आईवडिलांनी ऐकणे गरजेचे असते, कारण ‘आमच्याच हातून काही घडले का’ हा विचार अनेक घरांत न बोलता वर्षानुवर्षे वावरत असतो.

म्हणून वर्षभराच्या पाठांत समतोल राखावा. दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायातील मफीबोशेथ, म्हणजे शौल राजाचा नातू, दोन्ही पायांनी लंगडा होता. दावीद राजाने त्याला आपल्या पंक्तीस कायमचे बसवले, आणि अध्यायाच्या शेवटच्या वाक्यातही तो लंगडाच आहे. मोशेने आपण बोलण्यात जड आहोत असे देवाला सांगितले, तेव्हा देवाने त्याच्यासोबत अहरोनाला दिले. पौलाने ‘शरीरातील काटा’, म्हणजे सतत सलणारी व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तरादाखल त्याला कृपा मिळाली. मफीबोशेथाचा पाठ घेताना एक मोठे टेबल मांडावे, प्रत्येक खुर्चीवर मुलाचे नाव व फोटो लावावा आणि राजाच्या वतीने एकेकाला नावाने बोलवावे. वाक्य असावे: ‘माझी जागा राखून ठेवली आहे.’ बरे करण्याच्या गोष्टी सांगताना बरे होण्याइतकाच भर येशू थांबला, त्याने त्या व्यक्तीची हाक ऐकली आणि ‘तुझी काय इच्छा आहे’ असे तिलाच विचारले, यावर द्यावा. आंधळ्या बर्तीमयाला त्याने नेमके हेच विचारले होते.

प्रार्थना आणि सुवर्णवचन

डोळे मिटून हात जोडणे ही प्रार्थनेची एकच रीत नाही. ‘आभार’, ‘मदत कर’, ‘क्षमा कर’ आणि एखाद्या प्रिय माणसाचा फोटो अशी चार कार्डे समोर ठेवून मुलाने एक निवडावे, शिक्षकाने ते उचलून एका वाक्यात प्रार्थना म्हणावी आणि ‘आमेन’साठी सर्वांनी टेबलावर एकदा हात ठेवावा. सुवर्णवचन, म्हणजे तोंडपाठ करायचे बायबलमधील वचन, शेवटाकडून शिकवावे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे वचन शिक्षकाने ‘परमेश्वर माझा मेंढपाळ...’ असे म्हणून थांबावे आणि मुलाने फक्त ‘आहे’ जोडावे. काही दिवसांनी ‘मेंढपाळ आहे’, मग संपूर्ण वचन. प्रत्येक प्रयत्नात वचन पूर्ण करण्याचे काम मुलाकडे असल्याने अपयशाची चव लागत नाही. प्रत्येक शब्दाला एक खूण आणि ठरलेली चाल दिली तर न बोलणारे मूलही हाताने वचन म्हणते.

मूल बिथरते तेव्हा

हट्ट आणि बिथरणे यांत फरक करावा. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोण पाहते आहे याचा अंदाज घेते. इंद्रियांवरचा भार असह्य होऊन कोसळलेल्या मुलाला स्वतःलाच थांबवता येत नाही. अशा वेळी बोलणे जवळजवळ बंद करावे, दिवे मंद करावेत, इतर मुलांना दुसरीकडे न्यावे आणि मुलाला शांत होईपर्यंत सुरक्षित अंतरावर सोबत करावी. समजूत, प्रश्न आणि उपदेश त्या क्षणी पोचत नाहीत. घटनेआधी काय झाले होते हे नंतर लिहून ठेवावे. तीन-चार नोंदींत कारण बहुतेकदा दिसू लागते.

फिट आली तर घड्याळ पाहावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि शक्य होताच मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, श्वासाचा त्रास दिसला किंवा ती आयुष्यातील पहिलीच असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाजवळ नेहमी दोन प्रौढ असावेत, शौचास मदत करण्याची पद्धत पालकांशी लेखी ठरलेली असावी, आणि खाऊ किंवा फोटो या दोन्ही बाबतींत परवानगी आधी घ्यावी. या नियमांत कोणाच्याही ओळखीखातर सूट देऊ नये.

कुटुंबाला काय द्यावे

मुलाला खोलीत सोडून आईवडील एक तास आराधनेत एकत्र बसू शकले, ही सेवा अनेक घरांसाठी पाठाइतकीच मोलाची ठरते. वर्ग चालू असताना त्यांना पुन्हापुन्हा बोलावू नये. खरोखर गरज पडली तरच निरोप पाठवावा. प्रत्येक पाठानंतर अर्ध्या पानाची चिठ्ठी घरी द्यावी: पाठाचे चित्र, तेच एक वाक्य, एक खूण, आणि आंघोळ किंवा झोपण्याची वेळ अशा घरी रोजच घडणाऱ्या एका कामाशी जोडलेली दोन मिनिटांची कृती. वादळाच्या पाठानंतर रात्री उशीला हात लावून ‘येशू माझ्याजवळ आहे’ म्हणणे पुरेसे आहे. थकलेल्या घरावर गृहपाठाचे ओझे टाकू नये. चिठ्ठीत आज मुलाने काय केले याचे एक खरे, नेमके वाक्य अवश्य लिहावे, कारण शाळा आणि दवाखान्यांतून या पालकांच्या हाती बहुधा उणिवांचीच यादी येते.

पालकांशी बोलताना ‘देव खास आईवडिलांनाच असे मूल देतो’ हे वाक्य टाळावे. ते सदिच्छेने म्हटले जाते, पण ऐकणाऱ्याला रडण्याची मुभा देत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला, तेरावे स्तोत्र ‘किती वेळ’ असे विचारत सुरू होते, आणि जीव नकोसा झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश न करता झोप आणि अन्न दिले. असे उतारे पालकांच्या गटात सावकाश वाचावेत आणि त्यावर लगेच कोणी बोलावे अशी अपेक्षा ठेवू नये. मोठ्या भावाबहिणींकडेही लक्ष असावे. मंडळीत ती मदतनीस म्हणून आपोआप गृहीत धरली जातात, प्रत्यक्षात त्यांनाही आपल्या वयाच्या वर्गात बसायचे असते आणि भावाविषयीचा राग किंवा लाज कोणाला तरी सांगायची असते.

वर्ग स्थिरावला की मुख्य आराधनेत मुलाचे एक ठरलेले काम पाळकांशी बोलून निश्चित करावे: दाराशी गीतपुस्तके देणे, दानपात्र धरणे, किंवा बोलणाऱ्या बटनावर आधीच ध्वनिमुद्रित केलेले वचन ऐकवणे. त्याची तालीम चर्च रिकामे असताना दोन-तीनदा घ्यावी, पहिल्या वेळी ओळखीचा मदतनीस शेजारी उभा राहावा, आणि मुलाने ऐनवेळी नको म्हटले तर ते काम पुढच्या आठवड्यासाठी त्याच्याच नावावर राखून ठेवावे.